‘किती येतील याचे?’ : बातमीदाराला शेतात नेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेटल डिटेक्टिंगचा, म्हणजे यंत्राने जमिनीतल्या धातूच्या वस्तू शोधण्याचा, छंद असलेला पंधरा-वीस जणांचा गट. परवानगीशिवाय कुठे जात नाहीत, खड्डे बुजवतात, सापडलेलं दाखवतात. तरी लोकांच्या लेखी ते गुप्तधनाच्या मागे लागलेलेच. आता एका वर्तमानपत्राची बातमीदार पुढच्या शनिवारी दिवसभर त्यांच्याबरोबर शेतात येणार आहे. गटाच्या सचिवांनी विचारलंय, की छंदाची चांगली बाजू तिच्यासमोर कशी मांडावी?

सचिवसाहेब, ती बाई संध्याकाळपर्यंत कधीतरी एक प्रश्न विचारणारच: ‘याची किंमत किती?’ तुमच्यातला ज्याला कुणाला ती तो विचारेल, त्याच्या उत्तरावर तुमचा मथळा ठरेल. बाकीची तयारी त्यामानाने सोपी आहे.

मी हे उत्तर एकदा चुकीचं दिलेलं आहे. छंदाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका बातमीदाराने मला हातात चांदीचं नाणं धरून उभं केलं, फोटो काढला आणि सहज विचारलं, ‘किती येतील याचे?’ त्याआधी अर्धा तास मी त्याला नाण्याची झीज दाखवली होती, त्या शेतातून जुनी वाट जात असावी असं का वाटतं ते सांगितलं होतं. प्रश्न आला तेव्हा मी हसत हसत एक आकडा फेकला. छापून आला तो आकडा. मथळ्यात ‘खजिना’ होता, आणि फोटोत माझ्या खांद्यामागे शेताच्या कडेची पाण्याची टाकी स्वच्छ दिसत होती. दहा-बारा दिवसांनी शेतकऱ्याचा फोन आला. रात्री कुणीतरी उभ्या पिकात शिरून उकरून गेलं होतं. मी जाऊन खड्डे मोजले, १९ भरले. शेतकरी मला एक शब्द वावगं बोलला नाही, पण पुन्हा त्या शेतात पाऊलही ठेवू दिलं नाही. त्याचं बरोबरच होतं. बातमीदाराचंही काही चुकलं नव्हतं. मी त्याच्या हातात जे ठेवलं त्यातलं सगळ्यात चटपटीत त्याने उचललं, ते त्याचं कामच आहे.

मग उत्तर काय द्यायचं? ‘माहीत नाही’ म्हणालात तर लपवताय असं वाटतं. ‘आम्ही पैशासाठी करत नाही’ हे खरं असलं तरी ऐकणाऱ्याला लगेच पैशाचीच शंका येते. मी आता असं सांगतो: ‘बाजारात याला फार कुणी विचारणार नाही. पण हे कुठे होतं, किती खोल होतं आणि याच्या शेजारी काय होतं, हे लिहून ठेवलं तर त्याला मोल आहे. ते लिहिलेलं दाखवू का?’ आणि वही पुढे करतो. बातमीदाराला नकार नको असतो, नकाराऐवजी दुसरं काहीतरी लिहिण्याजोगं हवं असतं. वही ही त्या क्षणी हातात असायलाच हवी, गाडीत नाही.

ते ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे काय, हे दाखवायला माझ्याजवळ दोन गोष्टी कायम तयार असतात. तुम्हीही पाठ करून ठेवा.

पहिली अमेरिकेतल्या मोन्टानातली. लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर जून १८७६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याची तुकडी लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांपुढे गारद झाली. १९८३ मध्ये वणव्याने तिथलं गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांना स्वयंसेवक म्हणून बोलावलं आणि ठरावीक अंतर ठेवून ओळीत चालायला लावलं. सिग्नल आला की तिथे फक्त छोटं निशाण रोवायचं. खणणारे वेगळे, मोजून नकाशावर घेणारे वेगळे. सापडलं काय, तर रिकामी काडतुसं, शिशाच्या गोळ्या आणि असलंच सटरफटर. पण बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर जो ठसा उमटवते त्यावरून एकाच बंदुकीतून सुटलेली काडतुसं ओळखता येतात. ती कुठे कुठे पडली होती हे जोडत गेल्यावर ती बंदूक हातात असलेला माणूस रणांगणात कुठून कुठे सरकला हे दिसायला लागलं. शंभर वर्षं लोक जी लढाई आठवणींवरून आणि चित्रांवरून सांगत होते, तिचा नकाशा भंगारातून निघाला. एकेकटं काडतूस भंगारवालाही घेणार नाही, हे बातमीदाराला सांगितलं की किमतीचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

दुसरी इंग्लंडमधली, फ्रोम गावाजवळची. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प या हौशी डिटेक्टरवाल्याला एका शेतात चमत्कारिक सिग्नल मिळाला. खणल्यावर मडक्याचं तोंड आणि त्यात नाणी दिसली. माणूस तिथेच थांबला. खड्डा परत बुजवून त्याने तज्ज्ञांना कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी मडकं एकदम न उपसता थराथराने रिकामं केलं. एकूण ५२,५०३ रोमन नाणी निघाली. थर राखल्यामुळे एक गोष्ट कळली जी नुसत्या नाण्यांवरून कधीच कळली नसती: त्यातली सगळ्यात उशिराची, कॅरॉसियस या सम्राटाची नाणी, बहुतांशी मडक्याच्या खालच्या भागात होती. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं थोडी थोडी शिल्लक टाकत गेलेलं नव्हतं, मडकं एकाच खेपेला भरलं गेलं होतं. क्रिस्प यांनी त्या दिवशी उत्साहाच्या भरात बादलीत नाणी ओतली असती तर नाण्यांची संख्या तितकीच राहिली असती, पण ही माहिती गेली असती. माझ्या मते आपल्या छंदाची बाजू मांडायला याहून नेमकं उदाहरण नाही, कारण यातला नायक हात आवरतो म्हणून नायक आहे.

हात आवरण्याची आणखी एक गोष्ट आहे, जी मुलांना फार आवडते. नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉज या आपल्या मित्राला डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोड्याआधी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी यायला लागली. लॉज यांनी थोडं काढून खणणं बंद केलं, अधिकाऱ्यांना कळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्व पथकाने तो ठेवा जागेवर कसा रचलेला होता याची नोंद करत बाहेर काढला. सुमारे १५ हजार नाणी, शिवाय दागिने आणि भांडी. कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा आकारसुद्धा त्यामुळे ओळखता आला. हातोडाही सापडला, आणि तो आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे. बातमीदार हसते, लिहून घेते, आणि नकळत ‘कळवलं’ हा शब्द तिच्या वहीत जातो.

आता कठीण भाग. ती अभ्यास करून आली असेल तर चोरट्यांचा विषय काढेल. रात्री बिनपरवाना शेतात शिरणाऱ्यांना इंग्लंडमध्ये ‘नाइटहॉक’ म्हणतात. इथे बहुतेक गटांची पंचाईत होते. कुणी तावातावाने ‘ते आमच्यातले नव्हेत’ म्हणून हात झटकतो, कुणी सरकारवर घसरतो, कुणी पुरातत्त्वज्ञांना शिव्या घालतो. तिन्ही उत्तरं छापायला उत्तम आणि तुमच्यासाठी वाईट. सरळ मान्य करा. यंत्र तेच, हेडफोन तेच, दुरून आम्ही आणि ते सारखेच दिसतो, म्हणून लोकांच्या संशयाला आधार आहे. मग फरक कुठे आहे ते कागदावर दाखवा: शेतमालकाची लेखी परवानगी, दिवसाढवळ्या काम, सापडलेल्या वस्तूंची यादी, ती कुणाकडे दिली त्याची पोच.

२०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लेमिन्स्टरजवळ दोन डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला आणि तो त्यांनी दडवला. खटला चालला, २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. अंदाजे ३०० नाण्यांपैकी जेमतेम ३१ हाती लागली. त्यांच्यात वेसेक्सचा राजा ॲल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा दुसरा केऑलवुल्फ या त्या काळच्या दोन शेजारी इंग्रज राज्यांच्या राजांच्या युतीचा पुरावा देणारी नाणी होती, बाकीची कुठे गेली कुणास ठाऊक. ही गोष्ट मी स्वतःहून सांगतो, विचारायची वाट पाहत नाही. तिने ती आधी वाचलेली असेल तर आपण टाळली हे तिच्या लक्षात येतं, आणि वाचलेली नसेल तर आपल्याच तोंडून आलेली बरी. सांगून झाल्यावर एवढंच जोडायचं: तिथल्या कायद्याप्रमाणे वेळेत कळवलं असतं तर संग्रहालयाने ठेवा विकत घेतला असता आणि बक्षीस शोधणारा व शेतमालक यांच्यात वाटलं गेलं असतं, तसा शिरस्ताच आहे. म्हणजे चोरी इतिहासाची झाली, तशी शेतकऱ्याचीही झाली. शेतकऱ्याचा हा भाग वाचकांच्या मनाला पटकन भिडतो, असा माझा अनुभव आहे.

पुरातत्त्वज्ञांशी आपलं जुनं वाकडं आहे, हेही लपवू नका. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये ‘स्टॉप’ नावाची मोहीम निघाली होती. इंग्रजी नावाचा अर्थ ‘आमचा भूतकाळ नेणं थांबवा’ असा. त्यातून डिटेक्टरवाले दुखावले, चिडले, आणि कित्येकांनी सापडलेलं दाखवणंच बंद केलं. पण त्याच काळात नॉरफोक परगण्यात टोनी ग्रेगरी आणि अँड्र्यू रॉजरसन यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ डिटेक्टरवाल्यांच्या क्लबांमध्ये जाऊन बसत होते, सापडलेलं पाहत होते, नोंदवत होते. त्या पद्धतीचं फळ म्हणजे १९९७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये सुरू झालेली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची ही योजना २००३ पासून दोन्ही देशभर पसरली, आणि तिच्या खुल्या यादीत आज १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत. त्यातल्या बहुसंख्य वस्तू डिटेक्टरवाल्यांनी आणून दिलेल्या. डेन्मार्कमध्ये २०१८ पासून ‘डाइम’ नावाचं असंच नोंदवहीचं संकेतस्थळ चालतं. तेव्हा शनिवारी जमलं तर एखाद्या पुरातत्त्वज्ञाला किंवा संग्रहालयातल्या माणसाला बरोबर घ्या. तुम्ही स्वतःबद्दल दहा वाक्यं बोलण्यापेक्षा त्यांचं ‘हे लोक आम्हाला वस्तू आणून दाखवतात’ हे एक वाक्य वजनदार ठरतं. ते यायला तयार नसतील तर ते का तयार नाहीत, याचा विचार बातमीआधी करावा लागेल.

ती एक आक्षेप नक्की मांडेल, किंवा तिने ज्या तज्ज्ञाला फोन केला असेल तो मांडेल: तुम्ही वस्तू तिच्या संदर्भातून उपटता. याचं प्रामाणिक उत्तर असं. नाण्याएवढ्या वस्तूचा भरवशाचा सिग्नल बहुतेक यंत्रं साधारण वीतभर खोलीपर्यंत देतात. नांगरलेल्या शेतात एवढी माती नांगराने अनेकदा उलटीपालटी केलेली असते, तिथले थर आधीच मोडलेले असतात, आणि धातूची वस्तू अवजारांनी व खतांनी दरवर्षी झिजत असते. म्हणून तिथून वस्तू काढून जागेची नोंद करणं हा तोटा नाही. पण नांगरटीच्या खाली, न फोडलेल्या कुरणात, किंवा वस्तूंचा पुंजकाच लागला तर आपण थांबतो. दुसरा भाग न सांगता पहिला सांगू नका. अर्धं उत्तर ऐकणाऱ्या तज्ज्ञाला उरलेलं अर्धं ठाऊक असतं.

जागा लपवण्याबद्दल माझा आग्रह आता तुम्हाला कळलाच असेल. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात वॉनबरो इथे १९८० च्या दशकात नाणी सापडली, शोधणाऱ्यांनी ती कळवलीही, पण चौकशीत जागा उघड झाली. मग लुटारूंनी तिथली रोमन देवळाची जागा अक्षरशः चाळून नेली, हजारो नाणी गेली. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट, म्हणजे सापडलेल्या ठेव्यांबद्दलचा तिथला कायदा, येण्यामागे या प्रकरणातून उठलेला आवाज होता. उलट सफकमधल्या रेन्डलशॅमला शेतमालकाने चोरट्या खोदकामाची तक्रार केली तेव्हा परगण्याच्या पुरातत्त्व विभागाने चार जाणत्या डिटेक्टरवाल्यांनाच कामाला लावलं. २००८ पासून त्यांनी शेतं पद्धतशीर चालून काढली, वर्षानुवर्षं कुणी चकार शब्द काढला नाही, आणि २०१४ मध्ये जाहीर झालं की बीड या साधूने आठव्या शतकात जिचा उल्लेख केला ती राजाची वस्ती हीच असावी. चोरांवर उतारा म्हणून डिटेक्टरवाले! बातमीदाराला याहून चांगला मसाला काय हवा?

तेव्हा शनिवारी छायाचित्रकाराला सांगून ठेवा की क्षितिज फोटोत नको. मनोरा, टाकी, पवनचक्की, वीजवाहिनीचा खांब, रस्त्यावरची पाटी, यातलं काहीही असलं की शेत ओळखणारे ओळखतात. तुमच्या लोकांनी मोबाइलवर काढलेले फोटो तिला पाठवायचे असतील तर त्यात दडलेले ठिकाणाचे आकडे आधी पुसा. शेताचं नाव, वस्तीचं नाव कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका, ‘हे छापू नका हं’ म्हणूनसुद्धा नाही. छापू नये असं वाटतं ते मुळात बोलायचंच नाही. आणि शेतमालकाला विचारलंय ना, की पत्रकार येणार आहेत? डिटेक्टर फिरवायची परवानगी म्हणजे कॅमेरा आणायची परवानगी नव्हे.

कपड्यांबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहितो. गटात दोन-तीन जण तरी असतात ज्यांना लष्करी ठिपक्यांची पँट, कमरेला सुरा, पायात जाडजूड बूट याची हौस असते. सोयीची असतात, खिसे भरपूर, मान्य. फोटोत मात्र तो माणूस लपून बसलेला घुसखोर दिसतो. शनिवारी सगळ्यांनी साधे कपडे, वर एखादं भडक रंगाचं जाकीट. ज्याला लपायचं नाही तो लांबून दिसतो.

कॅमेऱ्यासमोर नाणं अंगठ्याने चोळून ‘बघा बघा, डोकं दिसतंय’ करू नका. ती माती वाळूसारखी घासते आणि पृष्ठभाग जातो. वाचकांपैकी ज्याला हे कळतं तो पान तिथेच मिटतो. वस्तू मातीसकट पिशवीत, पिशवीवर क्रमांक, वहीत जीपीएसचे आकडे. आणि एक खड्डा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिला पाहू द्या: तीन बाजूंनी कापलेली गवताची चकती, बिजागरीसारखी उलटलेली, माती ताडपत्रीच्या तुकड्यावर, वस्तू काढल्यावर पिनपॉइंटर (खड्ड्यात फिरवायचं हातातलं छोटं डिटेक्टर) पुन्हा फिरवणं, माती आत, चकती वर, पायाने दाबणं. मग तिला दोन मिनिटं इकडेतिकडे फिरवून आणा आणि खड्डा कुठे होता ते शोधायला सांगा. बहुतेकांना सापडत नाही. हा खेळ मी अनेकदा केलाय, आणि ‘शेताची नासाडी’ हा शब्द त्यानंतर लेखात आलेला पाहिला नाही.

यंत्र तिच्याच हातात द्या. ज्यांनी स्वतः एक सिग्नल ऐकून काहीतरी वर काढलंय, त्यांचा लेख वेगळाच उतरतो. ते चालतं कसं हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे: यंत्राच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्याने धातूत क्षणभर वीज फिरते, आणि त्या विजेचं उलट येणारं क्षेत्र यंत्र टिपतं. सोनं ओळखणारं यंत्र नसतं, हेही सांगा. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी एकसारखी वाजू शकतात, म्हणून तर आपण आयुष्यभर कड्या खणतो. यंत्राच्या इतिहासात तिला रस असेल तर १८८१ सालची गोष्ट आहेच. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने ती शरीरात कुठे अडकली हे हुडकायला असलंच यंत्र लावलं होतं. गोळी काही मिळाली नाही. खाटेतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. आपल्यापैकी प्रत्येकाने तारेच्या कुंपणाशेजारी तो घोळ अनुभवलेला आहे.

संध्याकाळी सगळ्यांनी आपापली भंगाराची पिशवी एका ताडपत्रीवर रिकामी करा. खिळे, घोड्याच्या नालाचे तुकडे, चांदीचा कागद, काडतुसं, ट्रॅक्टरचे पार्ट, डब्यांच्या कड्या. शेजारी ठेवण्यालायक असं जे काही चार-दोन मिळालं असेल ते. हा फोटो तिने काढलाच पाहिजे असं पाहा. खजिन्याच्या शिकाऱ्यांची प्रतिमा मोडायला याहून प्रभावी काही मला माहीत नाही, आणि हे भंगार तुम्ही शेतातून घेऊन जाता, जनावरांच्या पोटात किंवा यंत्राच्या दात्यांत जाऊ देत नाही, हे शेतमालकाने स्वतः बोलून दाखवलं तर फारच उत्तम.

काही विशेष सापडलंच नाही तर? बिनधास्त सांगा, बहुतेक दिवस असेच असतात. पण कुणाच्या डोक्यात ‘आधीच एक नाणं पुरून ठेवू या का’ असा विचार आला तर त्याला घरीच बसवा. असल्या पेरलेल्या वस्तूंच्या व्हिडिओंनी या छंदाचं चोरट्यांइतकंच नुकसान केलंय. जुन्या वस्तूवर ताजी माती कशी चिकटते हे जाणकाराला एका नजरेत कळतं. तुमच्या गटाच्या चॅनेलवर ‘लाखोंचा खजिना!’ अशी पाटी लावलेले व्हिडिओ असतील तर शुक्रवारपर्यंत त्यांची नावं बदला. ती येण्याआधी ते पाहणारच आहे.

बोलायला एक माणूस ठरवा, तोही गटातला सगळ्यात बोलका नको, सगळ्यात नेमका हवा. बाकीच्यांनी गप्प बसावं असं नाही, पण कायदा, चोर आणि किंमत हे तीन विषय आले की त्याच्याकडे बोट दाखवायचं. मथळा तिच्या हातात नसतो, कार्यालयात बसलेला उपसंपादक देतो, म्हणून निघताना तिला अर्धं पान टिपण द्या: गटाचं नाव, किती जण, परवानगी कशी घेता, वस्तू कुठे नोंदवता, संपर्काचा पत्ता. मथळा देणाऱ्याला घाईत जे समोर दिसतं ते उपयोगी पडतं. तरीही चूक छापून आलीच तर ज्या वस्तुस्थितीची चूक आहे तेवढीच शांतपणे कळवा. ‘छंदाची बदनामी’ वगैरे शब्द वापरून लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही, मी अशी दोन लिहिली आहेत.

या सगळ्याला एक अट आहे. डिटेक्टिंगबद्दलचे कायदे देशागणिक अगदी वेगळे आहेत. डेन्मार्कमध्ये शेतमालकाच्या संमतीने बरंच चालतं, आणि ‘दानेफे’, म्हणजे देशाच्या मालकीचा ठेवा, ठरलेल्या वस्तू राष्ट्रीय संग्रहालयाकडे जमा कराव्या लागतात. फ्रान्समध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी सरकारी परवाना लागतो. आयर्लंडमध्ये परवानगीविना पुरातन वस्तूंसाठी यंत्र फिरवणं हाच गुन्हा. तुम्ही जिथे आहात तिथला कायदा नीट वाचून, शंका असेल तर संबंधित खात्याकडून लेखी विचारून घ्या. जे काम मुळात बेकायदा आहे ते कितीही छान मांडलं तरी ती कबुलीच ठरते.

वर्तमानपत्र एका दिवसाचं असतं. लोकांच्या मनात छंदाचं चित्र तयार होतं ते मुख्यतः वाटेवरच्या भेटींतून. हेडफोन घालून खाली मान घातलेल्या माणसाला येणारे-जाणारे विचारायला कचरतात. कुणी थांबलेलं दिसलं की मी हेडफोन उतरवतो आणि खिशातली डबी उघडतो. त्यात एक शिशाची गोळी, एक अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी), एक चपटं झालेलं बटण आणि एक चाळण झालेलं तांब्याचं नाणं असतं. लहान मूल असेल तर हेडफोन त्याच्या कानाला लावतो, आईवडिलांना विचारून. शाळेत बोलवलं तर याच चार वस्तू मुलांच्या हातात देतो आणि विचारतो, हे कुणाचं हरवलं असेल? तासभर कमी पडतो. आमच्या गटाने हरवलेल्या अंगठ्या शोधून द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यामागे प्रसिद्धीचा विचार नव्हता, पण वाळूत गेलेली लग्नाची अंगठी परत मिळालेलं माणूस पुढची दहा वर्षं आपली बाजू घेतं. त्याचे पैसे मात्र घेऊ नका, पेट्रोलचेसुद्धा.

शनिवारसाठी शेवटचं एक. शेतात जुना तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही निघालं तर कॅमेरा चालू आहे म्हणून कुणीही ते उचलायचं नाही, साफ करायचं नाही. जागा खुणेने ओळखता येईल असं पाहून सगळ्यांना, बातमीदारालाही, लांब न्यायचं आणि पोलिसांना फोन करायचा. तो नंबर आणि गटप्रमुखाचा नंबर सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून घ्या. तिच्यासाठी जादाचे हेडफोन आणि एक जोडी हातमोजे आणा, आणि चार्ज केलेली दुसरी बॅटरी विसरू नका. मागे एकदा आमची यंत्रं दुपारी दोनला बंद पडली होती, आणि मग संध्याकाळपर्यंत बातमीदाराशी नुसतं बोलत बसावं लागलं होतं. किमतीचा आकडा तेव्हाच तोंडातून गेला होता.